गाडी किती बसते, हे आधी मोजा

स्पोर्ट क्वाड नव्यानं घेतलेल्या माणसाची तक्रार बहुधा एकच असते: गाडी फार आदळते. त्यावरचा उपायही तो स्वतःच शोधून काढतो. शॉकअपची रिंग सैल करायची, हाताला लागतील ते सगळे स्क्रू उलटे फिरवायचे आणि गाडी मऊ करून टाकायची. पहिले शंभर मीटर बरं वाटतं. मग खड्ड्यांची रांग लागते आणि गाडी आधीपेक्षा जास्त मार देते, वळणावर बाहेरच्या बाजूला कलते, लहानशा उडीनंतरही खाडकन तळाला लागते. अशा वेळी दोष यंत्राचा असतोच असं नाही. बऱ्याचदा सस्पेन्शन उत्तम असतं, पण ते त्या माणसाच्या वजनाला आणि त्या जमिनीला लावलेलं नसतं.

मऊपणानं गाडी सुखाची का होत नाही, हे एका साध्या हिशेबातून कळतं. एक मीटर उंचीवरून खाली आलेली क्वाड जमिनीला टेकते तेव्हा तिचा खाली येण्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. हा वेग कुठे तरी संपवावा लागतो. चाकाला वर येण्यासाठी २३० मिलिमीटर जागा आहे आणि ती सगळी जागा वापरून तो सावकाश संपवला, तर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण सव्वाचार पट मंदन सोसावं लागतं. स्प्रिंग इतकी कडक असेल की चाक १०० मिलिमीटरच वर येतं, तर तोच आकडा दहा पटींवर जातो. आणि स्प्रिंग फार मऊ असेल तर आणखी वाईट होतं: २३० मिलिमीटर संपतात, वेग मात्र शिल्लक राहतो, आणि तो उरलेला वेग शॉकअपच्या टोकाच्या रबरावर एक-दोन सेंटिमीटरांत संपतो. पाठीच्या मणक्याला बसतो तो हा धक्का. म्हणून सस्पेन्शन लावणं म्हणजे चाकाच्या हालचालीला मिळालेली जागा पुरेपूर, पण संपू न देता वापरणं.

उदाहरणाला यामाहाची रॅप्टर ७०० आर घेऊ, कारण या वर्गातली ती सर्वांत परिचित गाडी आहे. ६८६ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, वजन १९० किलोंच्या आसपास, बसायला एकच माणूस. डकार रॅलीत २००९ ते २०२४ पर्यंत क्वाडसाठी स्वतंत्र वर्ग होता. २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षं तो अर्जेंटिनाच्या मार्कोस आणि अलेहांद्रो पात्रोनेली या भावांनीच जिंकला, रॅप्टरवरच. या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला दोन ए-आर्म, म्हणजे चाक फ्रेमला जोडणारे इंग्रजी A च्या आकाराचे हात, आणि स्वतःचा शॉकअप असतो, त्यामुळे पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात. चाकाची हालचाल २३० मिलिमीटर. मागे चित्र वेगळं आहे. दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर, तो ॲक्सल स्विंगआर्मच्या, म्हणजे मागे वरखाली झुलणाऱ्या हाताच्या, टोकाला, आणि त्या सगळ्याला मिळून मध्ये एकच शॉकअप. हालचाल २५६ मिलिमीटर. मागचं उजवं चाक दगडावर चढलं की डावंही त्यासोबत ओढलं जातं आणि अख्खी गाडी कुशीवर कलते. मोटारीची सवय असलेल्या माणसाला क्वाड चंचल वाटते, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

दुसरं कारण चालकाचं वजन. हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी धरून चालक ८५ किलोंचा असेल, तर गाडी आणि माणूस मिळून होणाऱ्या वजनात त्याचा वाटा ३० टक्क्यांच्या वर जातो. बाराशे किलोंच्या मोटारीत एकटा चालक जेमतेम सहा टक्के भरतो. म्हणून मोटारीचं सस्पेन्शन कारखान्यानं एकदा लावून दिलं की चालतं. क्वाडचं चालत नाही. कारखाना एक मध्यम वजनाचा माणूस डोळ्यांपुढे ठेवतो, आणि तुम्ही त्यापेक्षा वीस किलो जड किंवा हलके असाल तर गाडी तुमच्यासाठी चुकीचीच लावलेली आहे असं समजून सुरुवात करावी.

ही सुरुवात शॉकअपपासून होत नाही, टायरपासून होते. या गाड्यांचा इतिहासच तसा आहे. होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत यूएस ९० ही तीनचाकी आणली. ओसामू ताकेउची हे तिचे रचनाकार. तिला सस्पेन्शन नव्हतंच. फुग्यासारखे टायर, त्यात अगदी कमी हवा, आणि धक्का सोसायचं सगळं काम त्या रबराचं. चारचाकी क्वाड पुढे सुझुकीनं १९८३ च्या मॉडेलात आणली आणि दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, सुझुकीच्याच एलटी २५० आर क्वाडरेसरनं शर्यतीची क्वाड कशी असते ते दाखवलं: पुढे ए-आर्म, मागे स्विंगआर्म आणि एक शॉकअप. तीच रचना आजही आहे. नव्या तीनचाकी गाड्यांची अमेरिकेतली विक्री १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांच्या समझोत्यानं थांबली. पण टायर हा सस्पेन्शनचा पहिला थर आहे, ही गोष्ट त्या तीनचाकीकडून क्वाडकडे जशीच्या तशी आली.

स्पोर्ट क्वाडच्या टायरात साधारण चार ते सहा पीएसआय हवा असते. मोटारीत तीसच्या पुढे. आता मोटारीत एक पीएसआय कमी-जास्त झाला तर फरक तीन टक्क्यांचा. चार पीएसआयच्या टायरात तोच एक पीएसआय म्हणजे पंचवीस टक्के. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मीटरला हा फरक दिसतच नाही, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा लागतो. तो स्वस्त आहे आणि शॉकअपवर पैसे घालण्याआधी तो घ्यायला हवा. शिवाय ऊन. पहाटेच्या गारव्यात चार पीएसआय भरलेला टायर दुपारी वीस अंशांनी तापला की आतला दाब सव्वापाचच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वाढतो. सकाळी छान चाललेली गाडी दुपारी टणक झाली म्हणून शॉकअपचे स्क्रू फिरवणारे कितीतरी जण असतात. बिघाड टायरात, उपचार शॉकअपवर. हवा नेहमी थंड टायरात, कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे, चारही चाकांत मोजून भरावी. दगडधोंड्यांच्या वाटेवर ती थोडी वाढवावी लागते, नाही तर टायर दबून रिम दगडाला लागतो.

हवेबरोबर आणखी एक तपासणी उरकून घ्यावी. पुढचं चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवायचं. खटखट जाणवली तर ए-आर्मची बुशं किंवा बॉल जॉइंट झिजलेत. मागे स्विंगआर्म धरून आडवा हलवायचा. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलसर थर आहे का पाहायचं. झिजलेल्या सांध्यांवर केलेलं कुठलंही ॲडजस्टमेंट टिकत नाही.

आता मूळ काम. गाडी आपल्या वजनाखाली किती बसते, ते मोजणं.

गाडी अशा रीतीनं ठोकळ्यावर किंवा स्टँडवर घ्यायची की चारही चाकं मोकळी लोंबकळतील. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या फेंडरवर किंवा फ्रेमवर एक खूण करायची आणि मधलं अंतर टेपनं मोजायचं. पुढच्या चाकालाही तसंच. मग गाडी खाली घ्यायची. चालकानं हेल्मेट, बूट, सगळा साज चढवून, नेहमी जसा बसतो तसा बसायचं, दोन-तीनदा उसळी द्यायची आणि दुसऱ्यानं तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे गाडीचं बसणं. पुढच्या बाजूला इथे एक गोम आहे. गाडी खाली बसते तशी पुढची चाकं ए-आर्मच्या कमानीतून बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात, पण टायर जमिनीला धरून असल्यामुळे सरकत नाहीत, आणि गाडी खरं तर जेवढी बसायला हवी त्याहून वर अडकून राहते. म्हणून माप घेण्याआधी गाडी मीटरभर पुढे ढकलायची. चाक फिरलं की ताण सुटतो आणि गाडी खरी बसते. ही एक पायरी वगळल्यामुळे पुढच्या मापात बोटभर चूक सहज होते.

बसणं किती असावं? एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश, हा सुरुवातीचा चांगला अंदाज. रॅप्टरला पुढे सुमारे ७५ मिलिमीटर, मागे सुमारे ८५. हा तृतीयांश वाया गेला असं वाटतं, पण सगळी गंमत त्यातच आहे. चाकाला वर येण्याइतकंच खाली जाणंही जमलं पाहिजे. समोर खड्डा आला की बसलेल्या गाडीचं चाक त्या राखीव जागेतून खाली उतरतं आणि जमीन सोडत नाही. गाडी मुळीच बसलेली नसेल तर प्रत्येक खड्ड्यावर चाक हवेत राहतं आणि मग सगळी गाडीच खाली पडते. उलट गाडी निम्म्याहून जास्त बसलेली असेल तर वर येणाऱ्या दगडासाठी जागा उरत नाही.

हे बसणं बदलायचं साधन म्हणजे प्रीलोड. शॉकअपच्या आट्यांवर दोन रिंगा असतात, एक स्प्रिंग दाबणारी आणि एक तिला पक्की धरणारी. आटे आधी ब्रशनं आणि डिझेलनं साफ करायचे, त्यांत वाळू असेल तर ॲल्युमिनियमचे आटे हमखास खराब होतात. वरची रिंग सोडवून खालची आकड्याच्या पान्यानं फिरवायची. रिंग घट्ट केली की गाडी वर उठते, सैल केली की खाली बसते.

घट्ट केली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, हा समज मात्र डोक्यातून काढायला हवा. या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट गैरसमज तोच आहे. साध्या, सरळ दराच्या स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला जेवढं बळ लागतं, तेवढंच पुढच्या मिलिमीटरलाही लागतं. प्रीलोडनं तो दर बदलत नाही, फक्त गाडी कुठल्या उंचीवर तोलली जाते ते बदलतं. पुढे चाक आणि शॉकअप यांच्यातलं गुणोत्तरही लक्षात घ्यावं लागतं. ए-आर्म ही तरफ आहे. चाक दोन सेंटिमीटर हलतं तेव्हा शॉकअप एक सेंटिमीटर हलत असेल, तर रिंग दहा मिलिमीटर फिरवल्यावर गाडी वीस मिलिमीटर उचलली जाते. आणि चाकाला जाणवणारी स्प्रिंगची ताकद निम्मी नव्हे, पाव होते, कारण तरफेनं बळही अर्धं होतं आणि हालचालही दुप्पट. शॉकअपवरची स्प्रिंग हाताला लोखंडासारखी टणक लागते आणि तरी गाडी मऊ चालते, ते यामुळे.

स्प्रिंगच चुकीची आहे का, हे ओळखायची एक खूण मला फार उपयोगी वाटते. चालक बसलेला असताना गाडी बरोबर तृतीयांश बसते, इथवर प्रीलोड लावा. मग उतरा. आता रिकामी गाडी स्वतःच्या वजनानं थोडी तरी बसायला हवी. मुळीच बसत नसेल, चाकं पूर्ण लोंबकळल्याइतकी खाली असतील, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. तुम्हाला उचलून धरण्यासाठी तिला बेसुमार दाबावं लागलं. रिकामी गाडीच भरपूर बसत असेल तर स्प्रिंग कडक. उलटं वाटतं, पण विचार केला की पटतं. अशा वेळी रिंग फिरवत बसण्यात अर्थ नाही, स्प्रिंग बदलावी लागते.

गाडीची उंची बदलली की दोन गोष्टी आपोआप बिघडतात, आणि त्या कोणी सांगत नाही. पुढच्या चाकांची तोंडं थोडी आत वळलेली असतात, काही मिलिमीटरच. उंची बदलली की ते माप बदलतं आणि गाडी सरळ वाटेवर भटकू लागते. मागे स्विंगआर्मचा कोन बदलल्यानं चेनचा सैलपणा बदलतो. दोन्ही मापं चालक गाडीवर बसलेला असतानाच घ्यायची.

स्प्रिंग ऊर्जा साठवते, पण ती संपवत नाही. दाबलेली स्प्रिंग तेवढ्याच जोरानं परत फेकते. ती ऊर्जा मारण्याचं काम शॉकअपच्या पोटातलं तेल करतं. दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक वाटा, आणि त्या वाटांवर पातळ पोलादी चकत्यांची थप्पी. पिस्टन हलला की तेल त्या वाटांतून जबरदस्तीनं जातं आणि ऊर्जेची उष्णता होते. दाराला लावलेला क्लोजर दार धाडकन आपटू देत नाही, तीच ही युक्ती. आणि क्लोजरसारखंच, हळू ढकललं तर तेल सहज वाट देतं, जोरात ढकललं तर अडून बसतं. शेजारी जी छोटी टाकी असते तिच्यात नायट्रोजन भरलेला असतो, त्याचा दाब तेलात बुडबुडे होऊ देत नाही. बुडबुडे झाले की तेल फेसाळतं आणि अडवणूक संपते. त्या टाकीच्या व्हॉल्वला घरी हात लावू नये. आत वातावरणाच्या दसपट किंवा त्याहून जास्त दाब असतो.

शॉकअपवरचे स्क्रू तेलाची वाट लहान-मोठी करतात. फिरवण्याआधी प्रत्येक स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं अलगद शेवटपर्यंत नेऊन किती क्लिक भरतात ते मोजून वहीत लिहून ठेवायचं, मग पुस्तिकेतल्या मूळ जागेवर आणायचं. शेवटाला पोचल्यावर जोर लावला तर आतली सुई आपली जागा कोरून काढते.

सुरुवात रिबाउंडपासून करावी, म्हणजे शॉकअप किती वेगानं पुन्हा उघडतो त्यापासून. बहुतेक लोक कॉम्प्रेशनच्या, म्हणजे शॉकअप किती वेगानं दाबला जातो त्याच्या, मागे लागतात, कारण धक्का दाबताना जाणवतो. पण क्वाडवर सुखाचा आणि सुरक्षिततेचा निकाल मला तरी रिबाउंडवरच लागताना दिसतो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला इम्पीरियलच्या वाळूच्या टेकड्या आहेत, ग्लॅमिस या नावानं क्वाडवाल्यांना माहीत असलेल्या. तिथे गाड्यांच्या येण्याजाण्यानं वाळूत लाटांसारख्या उंचवट्यांच्या रांगा तयार होतात. दोन उंचवट्यांमध्ये तीन मीटर अंतर धरा आणि वेग ताशी ४० किलोमीटर. प्रत्येक उंचवटा पाव सेकंदापेक्षा जरा जास्त वेळानं येतो. वेग ६० केला तर ०.१८ सेकंदानं. एवढ्या वेळात शॉकअपनं दाबलं जायचं आणि पुन्हा उघडूनही तयार राहायचं.

रिबाउंड फार हळू ठेवला असेल तर पहिल्या उंचवट्यावर शॉकअप दाबला जातो आणि दुसरा येईपर्यंत पूर्ण उघडत नाही. दुसऱ्यावर आणखी दाबला जातो, तिसऱ्यावर आणखी. पाच-सहा उंचवट्यांत गाडी तळाला टेकते आणि मग प्रत्येक उंचवटा थेट पाठीत बसतो. चालकाला वाटतं स्प्रिंग फार कडक आहे, म्हणून तो ती आणखी मऊ करतो. इथे करायचं असतं ते उलट: रिबाउंड दोन क्लिक मोकळा. रिबाउंड फार मोकळा असेल तर वेगळीच गत होते. उडीच्या टोकाला मागची बाजू दाबली जाते आणि सुटताना इतक्या जोरानं उसळते की गाडीचं नाक हवेत खाली वळतं. क्वाडच्या जिवावरच्या अपघातांपैकी काही असेच घडतात. म्हणून रिबाउंड बदलताना एकावेळी दोन क्लिक, जास्त नाही, आणि बदलल्यावर पहिली फेरी हळू.

उभ्या गाडीवर ढोबळ चाचणी अशी: मागच्या बाजूवर सगळं वजन टाकून दाबायचं आणि एकदम सोडायचं. गाडी चटकन वर यावी आणि तिथेच थांबावी. वर येऊन पुन्हा एक झोका घेतला तर रिबाउंड मोकळा, आळसावल्यासारखी रेंगाळत वर आली तर घट्ट. हे अनुमान आहे, खरी परीक्षा वाटेवर. आणि शॉकअप गरम झाल्यावर. वीस मिनिटं खडबडीत वाटेवर चाललेल्या शॉकअपला हात लावून पाहा, चटका बसतो. गरम तेल पातळ होतं आणि तेच क्लिक आता मोकळे वागतात. थंड गाडीवर लावलेलं सस्पेन्शन म्हणूनच अर्ध्या तासानं सैल वाटू लागतं.

कॉम्प्रेशनचे चांगल्या शॉकअपवर दोन स्क्रू असतात, संथ गतीचा आणि वेगवान गतीचा. ही गती गाडीची नव्हे, शॉकअपच्या दांड्याची. ताशी ८० किलोमीटरनं मोठ्या वळणात गाडी कलते तेव्हा दांडा संथ हलतो. ताशी १५ नं चाललेली गाडी धारदार दगडावर चढते तेव्हा तो झटक्यानं हलतो. धारदार कडांवर टोचणारे ठोसे बसत असतील, दगड-मुळं हातांना जाणवत असतील, तर वेगवान गतीचा स्क्रू मोकळा करायचा. ब्रेक लावताना नाक खाली जात असेल किंवा वळणात गाडी बाहेर कलत असेल तर पुढचा संथ गतीचा स्क्रू थोडा घट्ट. स्पोर्ट क्वाडला मोटारीसारखा कल रोखणारा आडवा दांडा सहसा नसतो, त्यामुळे कल आवरण्याची जबाबदारी पुढच्या स्प्रिंगा, हे स्क्रू आणि चालकाचं स्वतःचं शरीर यांच्यावरच पडते. सुखासाठी पुढचं सगळंच मोकळं करून ठेवणं धोक्याचं आहे ते यासाठी. गाडी कलते, आतलं चाक उचललं जातं, आणि त्यानंतरचा क्षण चालकाच्या हातात नसतो.

किती हालचाल वापरली गेली हे कळायला शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. नसेल तर प्लॅस्टिकची बारीक झिप टाय बांधली तरी चालते. फेरीआधी ती सीलपर्यंत सरकवायची, फेरीनंतर कुठे थांबली ते पाहायचं. दिवसातल्या सर्वांत मोठ्या धक्क्याला ती शेवटाच्या जवळ पोचली तर बरोबर. बरंच अंतर शिल्लक राहिलं तर कॉम्प्रेशन जास्त आहे. प्रत्येक उडीला शेवट गाठत असेल तर कमी.

आपल्याकडे लोणावळा, पाचगणी किंवा कोकणातल्या किनाऱ्यांवर भाड्यानं मिळणाऱ्या क्वाड या वर्गातल्या नसतात. त्यांचं इंजिन लहान, शॉकअप साधे, त्यावर फार तर पायऱ्यांची एक रिंग. तिथे हवा मोजून भरणं आणि ती रिंग वजनानुसार फिरवणं एवढंच करता येतं, आणि तेही फारसं कोणी करत नाही. एका माणसाच्या क्वाडवर दोघा-तिघांना बसवून पाठवतात हे मात्र पाहवत नाही. मागे बसलेल्या माणसाचं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे पडतं, मागची बाजू खोल बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर हँडल वळवून उपयोग होत नाही. लहान मुलाला पुढे बसवणं तर कोणत्याही ॲडजस्टमेंटनं सुरक्षित होत नाही.

या कामाची खरी शाळा आपल्याकडे चालते ती इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची. २००७ पासून होणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला महाराष्ट्रातून दरवर्षी बरेच संघ जातात. त्यांच्या गाड्यांना पिंजरा असतो, त्या क्वाड नव्हेत, पण पुढची ए-आर्म, शॉकअप आणि प्रीलोडचं गणित तेच. ए-आर्मवर शॉकअप किती आत बांधायचा यावर तिथे रात्र रात्र वाद होतात, आणि त्या वादातून आलेली मुलं पुढे सस्पेन्शनचे इंजिनीअर होतात.

जमीन बदलली की आकडे बदलतात. अमेरिकेत मोटोक्रॉसच्या ट्रॅकसाठी लावलेली क्वाड रुंद, बुटकी आणि कडक असते. तीच गाडी पूर्वेकडच्या जंगलातल्या दोन तासांच्या शर्यतीला नेली तर मुळांवर आणि चिखलात चालकाचे हात गळून जातात. तिथे गाडी थोडी अरुंद, उंच आणि वेगवान गतीचं कॉम्प्रेशन बरंच मोकळं ठेवतात. वाळूत मागची बाजू थोडी उंच ठेवणारे असतात, कारण वाळू वेग खात राहते आणि गॅस सतत द्यावा लागल्यानं वजन मागे येतं. प्रत्येक जागेचे आकडे वहीत वेगळे लिहावेत: हवा, चारही बाजूंचं बसणं, प्रत्येक स्क्रूचे क्लिक, दिवसाचं तापमान. आणि एका फेरीत एकच गोष्ट बदलावी, नाही तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

कधी असंही होतं की स्क्रू एका टोकाला जाऊन पोचतो आणि तरी गाडी मनासारखी होत नाही. रिबाउंड पूर्ण मोकळा आहे आणि तरी उंचवट्यांवर गाडी बसत जाते, असं झालं तर आतल्या चकत्यांची थप्पीच तुमच्या स्प्रिंगला जुळत नाही. मग शॉकअप सस्पेन्शनच्या कारागिराकडे उघडायला द्यावा लागतो. तो चकत्यांची जाडी आणि संख्या बदलून देतो, तेल आणि सीलही नवं टाकतो. शर्यतीच्या गाड्यांचं तेल तसंही वरचेवर बदलावं लागतं. त्याच्याकडे जाताना साज चढवल्यानंतरचं आपलं वजन, कुठल्या जमिनीवर गाडी जास्त चालते, बसण्याची मापं, सध्याचे क्लिक आणि दांड्यावरची कडी कुठवर जाते, हे सगळं लिहून न्यावं. एवढी माहिती हातात आली की तो पहिल्याच खेपेला थप्पी बरोबर लावण्याची शक्यता बरीच वाढते. नुसतं 'गाडी आदळते' म्हणून शॉकअप टेबलावर ठेवला तर त्यालाही अंदाजानंच काम करावं लागतं.